कॅफे कॉफी डे : विस्तार, कर्ज आणि आवराआवर

पुण्यातील महाविद्यालयांच्या परिसरात कॅफे कॉफी डेची लाल पाटी एकेकाळी अमृततुल्याइतकी नसली, तरी झेरॉक्सच्या दुकानाइतकी सहज दिसत असे. आज ती शोधावी लागते. या घसरणीचे खापर महागड्या कॉफीवर फोडणे सोपे आहे. तिचे मूळ शोधायचे, तर मात्र कर्नाटकातील चिकमगळूरच्या कॉफीच्या बागांपासून सुरुवात करावी लागते.

1942च्या कायद्यामुळे बागायतदारांना आपली कॉफी सरकारी कॉफी मंडळाच्या हवाली करावी लागे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. नव्वदच्या दशकात हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सुटले. बागायतदार घराण्यातील, पण शेअर बाजारात घडलेले व्ही. जी. सिद्धार्थ यांनी ही संधी हेरली, आधी कॉफीची निर्यात केली आणि 1996मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिला कॅफे उघडला. देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळून तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते, त्यामुळे कॉफीच्या जोडीला तेथे संगणकही मांडले होते.

पुणेकरांना बाहेर बसून कॉफी पिण्याचे अप्रूप नव्हते. 1935पासूनचे गुडलक होते, वैशालीची फिल्टर कॉफी होती; पण रविवारी सकाळी वैशालीत कप रिकामा होताच, टेबलासाठी ताटकळणाऱ्यांच्या नजरा पाठीला टोचू लागतात. नव्या साखळीने एका कॅपुचिनोवर दोन तास निवांत बसण्याची मुभा दिली, म्हणजे खरे तर तिने जागा विकली. स्वतःच्या बागा, स्वतःचे भाजणी कारखाने, इतकेच काय, फर्निचरही समूहातलेच, यामुळे कॉफीचा खर्च आटोक्यात राहिला. भाडे मात्र बागेत पिकत नव्हते.

तरीही कर्जाचा डोंगर केवळ कॅफेंमुळे उभा राहिला नाही. मूळ कंपनीच्या छत्राखाली माहिती तंत्रज्ञान संकुल, मालवाहतूक, वित्तसेवा असे नाना उद्योग होते, शिवाय माइंडट्री या सॉफ्टवेअर कंपनीमध्ये मोठी गुंतवणूक होती. 2015मध्ये प्रत्येकी 328 रुपये दराने समभाग विकून 1,150 कोटी रुपये उभारले गेले, पण त्यांतील मोठा भाग जुने कर्ज फेडण्यासाठीच होता. मार्च 2019अखेर समूहाचे कर्ज सुमारे 7,200 कोटींवर होते. माइंडट्रीतील वाटा लार्सन अँड टुब्रोला तीन हजार कोटींहून अधिक रकमेला विकूनही ताण सुटला नाही आणि त्याच वर्षी जुलैअखेर सिद्धार्थ यांचे निधन झाले. उपकंपन्यांतून 3,535 कोटी रुपये प्रवर्तकांच्या बागायती कंपनीकडे वळवले गेल्याचे नंतर चौकशीत निघाले. जानेवारी 2023मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने कंपनीला 26 कोटींचा दंड ठोठावला.

पुनर्रचना झाली ती प्रामुख्याने विकून आणि बंद करून. बंगळूरचे माहिती तंत्रज्ञान संकुल ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीच्या गटाकडे गेले. डिसेंबर 2020मध्ये सिद्धार्थ यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी सूत्रे घेतली तेव्हा कोरोनाने बहुतेक टेबले रिकामी केली होती, आणि जेथे भाडेही निघत नव्हते तेथील कॅफे बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मार्च 2019मधील 1,752 कॅफेंपैकी पाच वर्षांनंतर जेमतेम 450 उरले. कार्यालयांत बसवलेल्या कॉफी यंत्रांचा धंदा मात्र तगला. ग्राहकाला बसायला जागा द्यावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. जुलै 2023मध्ये इंडसइंड बँकेच्या अर्जावरून कॅफे चालवणारी उपकंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत ओढली गेली, पण अपिलात स्थगिती मिळाली आणि पुढे बँकेशी तडजोड झाली.