फोटोत एकच डोळा पांढरा का चमकतो?

आखाजीला लेकी माहेरी आल्या की खानदेशात रात्री उशिरापर्यंत अंगणात फोटो निघतात. एखाद्या फोटोत नातवाचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट चमकताना दिसतो. 'पोरना डोया मांजरना मायक चमकस,' असं आजी कौतुकाने म्हणते आणि सगळे हसतात. नेमकी हीच खूण हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परततो. म्हणून फोटोत डोळे लाल दिसतात. नेत्रपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, कर्करोगाची गाठ असेल तर उजेड त्या पांढरट गाठीवरूनच परततो. या कर्करोगाचं नाव रेटिनोब्लास्टोमा. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, तोही बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. कधी पांढऱ्या चमकेऐवजी मूल तिरळं पाहू लागतं. 'तिरळं पोर नशीबवान' म्हणत लोक वाट पाहत बसतात, ते मला फार खटकतं.

मूळ बिघाड तेराव्या गुणसूत्रावरच्या आरबी१ जनुकात असतो. हा जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतो. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच गाठ होते, असा तर्क अमेरिकी संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडला. जनुक हाती लागायला अजून पंधरा वर्षं होती!

पांढरी चमक म्हणजे कर्करोगच, असं मात्र नाही. मोतीबिंदूनेही ती दिसते. कॅमेरा तिरका असला तर निरोगी डोळ्यातही उमटते. पण हे घरी ठरवता येत नाही. काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडे जा, तो फोटो दाखवा. थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासतात. गाठ डोळ्यातच असताना सापडली तर बहुतेक मुलं वाचतात, अनेकदा दृष्टीही वाचते. उशीर झाला तर गाठ डोळ्याच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे सरकते.

आंघोळ घालताना पोटात लागणारी गाठ, रात्री झोपमोड करणारं हाडांचं दुखणं, सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी, या लहान मुलांच्या इतर कर्करोगांच्या खुणा असू शकतात; त्यांनाही 'जंत असतील' म्हणून टाळू नये. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याशीही बोला. आणि एका मुलाला रेटिनोब्लास्टोमा निघाला, तर पाठच्या भावंडाचे डोळे जन्मल्यापासूनच तपासून घ्यावे लागतात.