कळमन्याची आवक आणि एक अपॉस्ट्रॉफी

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागली की अडत्याच्या गाळ्यातला कॉम्प्युटरवरचा मुलगा दिवसभर मान वर करत नाही. काटोलचा माल किती आला, नरखेडचा किती, कुणाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) द्यायची राहिली? बटण दाबलं की उत्तर समोर. पण ते उत्तर प्रोग्रामकडे नसतंच. तो डेटाबेसला, म्हणजे सगळी माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला विचारतो, तेही एसक्यूएल या दुसऱ्याच भाषेत.

प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलेला असतो ती आणि एसक्यूएल, दोघींचे स्वभाव निराळे. जावा किंवा सीमध्ये काम कसं करायचं ते पायरीपायरीने सांगावं लागतं. एसक्यूएलमध्ये काय हवं एवढंच सांगायचं. कुठला इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, वापरायचा ते डेटाबेस बघतो. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायच्या पद्धतीवर, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा रचली, १९७४ साली ती जगापुढे आली. तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं.

उत्तर येतं ते ओळींच्या गठ्ठ्याने, प्रोग्राम मात्र सहसा एका वेळी एकच ओळ हाताळतो. म्हणून मधे कर्सर असतो. ट्रकवरून हमाल एकेक क्रेट खाली देतो ना, तसाच.

खरी ठेच लागते ती प्रश्न जुळवताना. एका गाळ्यावर मला बोलावलं होतं, कारण डि'सूझा आडनावाच्या व्यापाऱ्याचं बिल काही केल्या निघेना. प्रोग्राम लिहिणाऱ्याने टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवलं होतं. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. आडनावातली अपॉस्ट्रॉफीही तेच चिन्ह, म्हणून तिलाच डेटाबेसने शेवटचं चिन्ह मानलं आणि उरलेलं 'सूझा' हुकूम म्हणून वाचायला गेला. इथे नुसती एरर आली. पण नाव टाइप करायच्या त्याच चौकटीत कुणी मुद्दाम खराखुरा हुकूम टाइप केला, तर अख्ख्या खातेवहीवर पाणी पडू शकतं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि इतकी वर्षं माहीत असलेली ही चूक अजून होते याचं मला फार वाईट वाटतं.

कारण उपाय अगदी साधा आहे. वाक्यात नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं, वाक्य आधी डेटाबेसकडे द्यायचं आणि नाव वेगळं पाठवायचं. वाक्याचा अर्थ आधीच लागलेला असतो. मागून आलेलं काहीही मग फक्त नाव म्हणूनच वाचलं जातं.

त्या गाळ्यावर प्रोग्राममधल्या अशा ओळी शोधून बदलण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी डि'सूझांचं बिल छापून निघालं, अपॉस्ट्रॉफीसकट.