इंग्लंडच्या खेड्यात घर घेताना: पात्रता, कागद आणि कर

कॉट्सवोल्ड्स या ग्रामीण भागातलं दगडी घर, मागे ओढा. फोटो बघून मन बसतंच. पात्रतेची अडचणही नाही. इंग्लंडमध्ये घर किंवा शेतजमीन घ्यायला तिथलं नागरिकत्व लागत नाही, आणि महाराष्ट्रासारखा शेतकरी असल्याचा पुरावाही कोणी मागत नाही. फक्त घर घेतलं म्हणून तिथे राहायचा हक्क मिळतो, असं समजू नका.

अडवतं ते घर स्वतःच. कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, पूर्वी भाडेकरूला विकलेलं घर असेल, तर लेक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानासारख्या भागात १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टचं कलम १५७ आडवं येऊ शकतं: गेली ३ वर्षं त्या भागात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यालाच विक्री, नाहीतर कौन्सिलची संमती. काही घरांत शेतीत काम करणाऱ्यानेच राहावं अशी अट असते. किंमत फारच कमी दिसली, तर आधी हेच विचारा.

ऑफर मान्य झाली म्हणजे व्यवहार झाला नाही. करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होईपर्यंत मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, आणि ते कायदेशीर आहे. एक्स्चेंजला साधारण १० टक्के रक्कम, बाकीची कम्प्लीशनला, म्हणजे घर नावावर होण्याच्या दिवशी, मग चावी. हे सगळं सॉलिसिटर (वकील) किंवा घरांचे व्यवहार करणारा परवानाधारक कन्व्हेयन्सर बघतो. घराचा सर्व्हे, म्हणजे बांधकामाची तपासणी, मात्र आपण वेगळा करून घ्यायचा.

सर्चमध्ये, म्हणजे वकील करतो त्या सरकारी नोंदींच्या तपासणीत, खेड्यासाठी दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगून ठेवा: अंगणातून जाणारी सार्वजनिक पायवाट, सामाईक जमीन, घर ‘लिस्टेड’ (जतनासाठी सरकारी यादीत घेतलेलं) आहे का. लिस्टेड घरात आधीच्या मालकाने विनापरवाना खिडक्या बदलल्या असतील, तर त्या पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते. आणि तो ओढा! सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडायला परवानगी नाही. जुन्या टाक्यांसाठीची मुदत १ जानेवारी २०२० लाच संपली. नवी यंत्रणा कोणाच्या खर्चाने, हे एक्स्चेंजआधी लिहून घ्या.

तुमच्याकडून पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, बँक स्टेटमेंट आणि पैसा कुठून आला याचे कागद मागतील. वडिलांनी शेत विकून पैसे दिले असतील, तर खरेदीखत, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि बक्षीसपत्र तयार ठेवा. भारतातून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात.

आता करातली मेख. ४ लाख पौंडांच्या घरावर स्टॅम्प ड्यूटी १०,००० पौंड. पण नवरा-बायकोपैकी कोणाच्याही नावावर पुण्यात ४०,००० पौंडांहून महाग फ्लॅट असेल, तर तो दुसरं घर म्हणून धरला जातो आणि सहसा ५ टक्के जादा, म्हणजे एकूण ३०,०००. खरेदीआधीच्या १२ महिन्यांत ब्रिटनमध्ये १८३ दिवस राहिला नसाल, तर आणखी २ टक्के: ३८,०००. कम्प्लीशननंतर १४ दिवसांत विवरण आणि भरणा दोन्ही. सॉलिसिटर ही रक्कम आधीच मागून घेतो.