परतीच्या पावसात गावाकडे गाडी नेताना
(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

ऑक्टोबरातला पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतरच गाठतो. दिवसभर ऊन तापतं, चारच्या सुमाराला ढग दाटतात आणि बाजार उरकून लोक बार्शीतून गावाकडे निघतात, नेमकं तेव्हाच कोसळतं. सकाळी कोरड्या रस्त्यानं आलात, तरी परतताना तोच रस्ता नवा समजा.

आधी ओढ्याचं बोलू. तुमच्याकडे थेंब पडला नसला तरी वर बालाघाटाच्या डोंगरात पाऊस झाला की फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चालतं. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली, हे काठावरून कळत नाही. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोटी कार सरकवू शकतं. मोटारसायकलला त्याहून कमी पुरतं. पुढची एसटी किंवा ट्रॅक्टर गेला म्हणून मागोमाग गाडी घालू नका. त्यांचं वजन आणि उंची आपल्या गाडीला नाही. पाणी उतरेपर्यंत थांबा, नाहीतर लांबचा का होईना, मोठ्या पुलाचा रस्ता धरा. घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगून टाका, म्हणजे जिवाला घाई लागत नाही.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर हात जोडून विनंती आहे, पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही. गाडी ढकलून बाहेर काढा आणि आम्हाला कळवा, टोचन करून आणू.

सोयाबीनच्या दिवसांत दुसरा धोका चिखलाचा. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणतो. मोठी सर ती धुऊन तरी नेते. रिमझिमीत मात्र रस्ता साबणासारखा होतो. चिखल दिसला की ब्रेक दाबण्याऐवजी आधीच गिअर उतरवा. दुचाकीवर नुसता पुढचा ब्रेक धरू नका. साईड देताना भिजलेल्या साईडपट्टीवर वेगात चाक उतरवलं, तर माती ते धरून ठेवते आणि गाडी खाली ओढली जाते.

रस्त्यावर धान्य वाळत घालणाऱ्यांना एक सांगणं आहे: रास उचलली की कडेला लावलेले दगडही उचला. अंधारात, पावसात ते कुणालाच दिसत नाहीत.

पावसात टायरची हवा कमी ठेवावी, असं अजूनही बरेच जण सांगतात. तसं करू नका. हवा कमी असली की टायरच्या खाचा दबतात आणि पाणी बाहेर फेकलं जात नाही. दरवाजाजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, तेवढीच हवा ठेवा. कारच्या टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली, म्हणजे टायर गोटा झाला. उन्हानं कडक झालेल्या वायपरच्या पट्ट्याही बदलून घ्या.

आता ऊसतोडीचा हंगाम येतोय. रात्री पावसात दिवे नसलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ट्रॉली घेऊन या, मागच्या फाळक्याला आणि दोन्ही बाजूंना रेडियम आम्ही फुकट लावून देतो.