राइम रॉयल

मध्ययुगीन इंग्रजी व स्कॉट्स (स्कॉटलंडमधील भाषा) काव्यातील सात ओळींच्या कडव्याचा एक प्रकार. ओळीत साधारणपणे दहा अक्षरे व पाच आघात असतात. यमकांचा क्रम अ-ब-अ-ब-ब-क-क असा असतो. जेफ्री चॉसरने (सु. १३४३–१४००) तो इंग्रजीत रुजवला. ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे आठ हजारांहून अधिक ओळींचे काव्य त्याने याच कडव्यात रचले.

या रचनेची सगळी खुबी पाचव्या ओळीत आहे. ती मागच्या चार ओळींशी यमकाने बांधलेली असते, तरी कडव्याला वळण तीच देते. ‘ट्रॉयलस’चे पहिलेच कडवे पाहावे. ट्रॉयचा राजपुत्र ट्रॉयलस याचे दुहेरी दुःख, प्रेमात त्याचे दुःखातून सुखाकडे जाणे आणि पुन्हा सुखाला मुकणे, एवढे चार ओळींत येते. पण वाक्य अजून लटकलेलेच. हे सांगण्याचा माझा मानस आहे, असे कवी पाचव्या ओळीत म्हणतो, तेव्हा कुठे ते पुरे होते. ‘त्रोये’ (ट्रॉय), ‘जोये’ (आनंद) यांच्या जोडीला तिथे ‘फ्रो ये’ (तुमच्यापासून) असे काहीसे खट्याळ यमक येते. उरलेल्या दोन ओळींत सूडदेवता टिसिफोनीचा धावा.

या कडव्याचा उगम ‘बॅलड’ या फ्रेंच गीतप्रकारात असावा. इटालियन कवी बोकाचोच्या आठ ओळींच्या इटालियन कडव्यातली पाचवी ओळ गाळली की हाच क्रम उरतो, हेही खरे.

स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स १४०६ ते १४२४ इंग्रजांच्या कैदेत होता. त्याच्या नावावरील ‘द किंगिस क्वेअर’ हे काव्य याच कडव्यात आहे, म्हणून ‘रॉयल’ हे नाव पडले असे सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा मात्र तोकडा.

स्कॉट्समधील सर्वांत कसदार उपयोग रॉबर्ट हेन्रिसनचा. ‘टेस्टमेंट ऑफ क्रेसिड’मध्ये कुष्ठरोग जडलेली क्रेसिड (चॉसरचीच क्रिसेड) विलाप करू लागते, तेव्हा तो कडवेच बदलतो: नऊ ओळी आणि यमके फक्त दोन (अ-अ-ब-अ-अ-ब-ब-अ-ब). तीच ती दोन यमके फिरून फिरून येतात, तिच्या दुःखाला वाट मिळत नाही. विलाप संपताच कथा सात ओळींवर परतते. विल्यम डनबारने मात्र हेच कडवे १५०३च्या राजविवाहानिमित्त लिहिलेल्या ‘द थ्रिसिल अँड द रॉइस’ या मंगल काव्यासाठी वापरले.

स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५८४मध्ये काव्यरचनेचे नियम लिहिताना शोकात्म विषय, विलाप व मृत्युपत्र-काव्ये यांसाठी हे कडवे सुचवले. नाव दिले ‘ट्रॉयलस व्हर्स’. आपल्या राजपूर्वजाचे, पहिल्या जेम्सचे, नव्हे.