अमिशांचे दात आणि साडेपाचचा सामू

भाचीने दोन व्हिडिओ पाठवले. एकात घोडागाडीवर बसलेला दाढीवाला अमिश शेतकरी, खाली मजकूर: 'टूथपेस्ट नाही, केमिकल नाही, म्हणून असे दात!' दुसऱ्यात म्हणे अमिश लोक विशीतच सगळे दात उपटून कवळी बसवतात. 'मामा, यातलं खरं कुठलं?'

थोडं थोडं दोन्ही. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इथे वसलेला हा ख्रिस्ती पंथ. १६९३च्या सुमारास स्वित्झर्लंड-अल्सास भागात याकोब अम्मान यांच्यामागे फुटून निघालेला. घरात तारेवरची वीज नाही, दारात मोटार नाही. दंतवैद्य मात्र धर्माने वर्ज्य नाही. अडचण पैशांची आणि अंतराची आहे. बहुतेक जण आरोग्य विमा घेत नाहीत, मोठा खर्च आला की मंडळी वर्गणी काढून भागवतात. मग दर दोन वर्षांनी दाढ भरण्यापेक्षा एकदाच कवळी परवडते, असा हिशोब काही कर्मठ वस्त्यांत होतो.

पण मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. १९४५ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून जगात प्रथम नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळलं. त्याच मिशिगनमधले अमिश आपापल्या विहिरींचं पाणी पितात, म्हणजे हा फायदा त्यांना नाही. तरीही १९८०च्या दशकात तिथल्या अमिश मुलांचे दात तपासले, तेव्हा किडलेल्या दातांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी निघालं! कसं काय?

इथे जरा रसायनात शिरावं लागेल. दाताचं वरचं कवच म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचे घट्ट रचलेले स्फटिक. लाळेतही कॅल्शियम-फॉस्फेट भरपूर असतं, म्हणून एरवी स्फटिक विरघळत नाही. आपण साखर खाल्ली की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू तिचं लॅक्टिक आम्ल करतात आणि पाच-दहा मिनिटांत तिथला सामू (pH; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) खाली घसरतो. आम्लातले हायड्रोजन आयन मोकळ्या फॉस्फेटला चिकटतात, हायड्रॉक्सिलचं तर पाणीच करून टाकतात. द्रावणात या दोघांचा तुटवडा पडला की भरपाई कुठून? स्फटिकातून. सामू साधारण ५.५च्या खाली गेला की दात विरघळू लागतो. मग अर्ध्या-पाऊण तासात लाळ आम्ल निवळवते आणि गेलेलं खनिज बरंचसं परत बसतं. हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसलं असेल, तर तोच स्फटिक सुमारे ४.५पर्यंत तग धरतो. टूथपेस्टमधल्या त्या 'केमिकल'चं काम एवढंच.

म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे महत्त्वाचं. काकवीचा 'शूफ्लाय पाय' (pie) हा गोड पदार्थ अमिशांच्याच मुलखातला, गोडाचं त्यांना वावडं मुळीच नाही. पण जेवणासोबत खाल्लेला हा गोड पदार्थ म्हणजे सामूचा एकच खड्डा. दिवसभर गोड चहा-बिस्किट आणि शीतपेयाचे घोट चालू असले, तर खनिज परत बसायला फुरसतच मिळत नाही. दंतवैद्य दातावर हवा मारून वाळवतात तेव्हा हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो, तो या तोट्याच्या हिशोबाचा पहिला पुरावा. भोक अजून पडलेलं नसतं, डाग परतवता येतो.

'कीड लागली' या शब्दाने आपल्याकडे मात्र घोळ घातलाय. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन वाटीत 'अळ्या' पाडून दाखवणाऱ्यांचं त्यावरच फावतं. पडतात ते बियांचेच तुकडे. दातात अळी नसतेच.

विहिरीचं पाणी 'नैसर्गिक' म्हणून चांगलंच, हेही खरं नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड इतकं जास्त आहे, की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात.

भाचीला एवढं सगळं लिहून पाठवलं. तिचा उलटा प्रश्न: 'मग कवळी लावली की कटकट संपली ना?' नाही गं. दात गेला की त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजत जातं. विशीत बसवलेली कवळी काही वर्षांत हलायला लागते आणि पुन्हा माप द्यायला जावं लागतं.