सगळेच लबाड, पण गुन्हेगार एकच

रहस्यखेळाची पेटी भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी

पेटी परत द्यायला येणारे बरेच जण काउंटरवर एकच तक्रार करतात: "सगळ्यांनीच काही ना काही केलंय हो, मग ओळखायचं कसं?" तक्रार खरी आहे. आमच्या खेळांत धुतल्या तांदळासारखं कुणीच नाही आणि ते आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय. म्हणून हा कागद. चिठ्ठ्या वाटण्याआधी एकाने मोठ्याने वाचून दाखवावा.

राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळून मोठी झालेली मंडळी आधी तोंडं बघत बसतात. कोण हसलं, कोणाची नजर खाली गेली. त्या खेळात चोर ओळखणाऱ्याच्या हाती दुसरं काही नसतंच. पण तोंडावरून खोटं ओळखणं माणसाला फारसं जमत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो या अमेरिकन संशोधकांनी 2006 साली या विषयावरचे 200हून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत निवाडा करणारी माणसं सुमारे 24 हजार होती आणि त्यांचा अंदाज सरासरीने 100 पैकी 54 वेळा बरोबर ठरला. नाणं उडवलं तरी 50 वेळा ठरतो! शिवाय आमच्या खेळात तुमची वहिनी निर्दोष असली, तरी तिच्या चिठ्ठीत लपवण्यासारखं काहीतरी असतंच. ती चाचरणारच.

क्लूडो हा खुनी शोधायचा पटावरचा खेळ खेळलेल्यांची अडचण वेगळी. 1949 साली इंग्लंडात बाजारात आलेल्या त्या खेळात 6 संशयित, 6 हत्यारं, 9 खोल्या. 324 शक्यतांतल्या एकेक खोडत गेलं की उत्तर उरतं. कुणी का केलं, हे तिथे कुणी विचारतच नाही. आमच्याकडे नुसत्या फुल्या मारून भागत नाही.

नमुन्याची गोष्ट

ही कुठल्याच पेटीत नाही, तेव्हा बिनधास्त वाचा.

निपाणीतल्या आण्णा नावाच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत रात्री एक वही जळाली. दिवाणजी वर्षानुवर्षं वजनात मारणारा. थोरला मुलगा पत्त्यांत हरून आईच्या पाटल्या गहाण टाकून बसलेला, आणि त्या रात्री कुठे होता ते सांगायला तयार नाही. तिसरी मालकांची विधवा बहीण, सगळ्यांची आत्या. दारात आलेल्याला भाकरी दिल्याशिवाय ती परत पाठवत नाही.

पहिल्या फेरीत बोटं दिवाणजीकडे वळतात. आण्णांचं मीठ खाऊन चोरी करतो म्हणजे हाच की! पण त्याने मारलेला माल दडलाय तो मालाच्या वहीतल्या खोट्या नोंदींत, आणि ती वही फळीवर जशीच्या तशी आहे. वह्यांचा घोळ झाला तर आण्णा पोती पुन्हा वजन करायला लावतील आणि तूट उघडी पडेल. वह्या शाबूत राहाव्यात ही सगळ्यांत मोठी गरज त्या चोराचीच. मुलगा खोटं बोलतो, पण ते पत्त्यांच्या अड्ड्यापायी. तिथे त्याला रात्रभर पाहणारा साक्षीदार तिसऱ्या फेरीत मिळतो.

जळाली ती विडी वळणाऱ्या बायकांच्या उचलीची वही, अंगठ्याच्या ठशांसकट. ती कुलपात असायची, किल्ली देवघरात समईमागे. अर्धवट जळलेल्या एका पानावर तुपाचा डाग आहे. वखारीत रॉकेलचा डबा होता, तूप नव्हतं. आता सांगा.

आत्याने बरं केलं की वाईट, यावर नंतर जेवताना हवं तेवढं भांडा. पेटीत दोन रंगांच्या मतपत्रिका आहेत त्या याचसाठी. पांढरीवर कुणी केलं ते लिहायचं, पिवळीवर शिक्षा व्हावी का ते. पांढरी डब्यात पडल्याशिवाय पिवळी हातात घेऊ नका. दोन्ही एकदम दिल्या की माणूस ज्याला शिक्षा व्हावीशी वाटते त्याचंच नाव लिहितो आणि जिच्यावर जीव जडलाय तिला सोडून देतो. आमच्या अनुभवात निम्मे चुकीचे निकाल असेच लागतात. अट्टल माणूस शोधू नका. हे एकच काम कुणाला करावं लागलं, ते शोधा.

दोन नियम, कायद्यातून उचललेले

फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य सहसा त्याच्याविरुद्ध पुरावा धरत नाहीत. मात्र त्याने आपल्या चांगलेपणाचा पुरावा पुढे केला, तर मग तेही तपासता येतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे कायम आहे. आमच्याकडे तसंच: "मी तसला माणूस नव्हे" असं कुणी म्हणालं, की इतरांना त्याच्या चारित्र्याची निळी चिठ्ठी उघडायचा हक्क मिळतो. तोवर ती बंदच.

दुसरा, कबुलीचा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात सहसा आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. खेळातही कुणी "मीच केलं" म्हणालं म्हणून खेळ थांबवू नका. ते कुणाला वाचवायला म्हणालं, हे विचारा.

बाकी थोडक्यात

खेळायला 6 ते 10 माणसं लागतात, वेळ साधारण अडीच तास. जेवणं आधी उरकून घ्या. मध्ये जेवायला उठलं की स्वयंपाकघरात संगनमत होतं, आणि काकू लोक त्यात पुढे! मित्रमंडळींत कानडी वाचणारे असतील तर नेतानाच सांगा, त्याच चिठ्ठ्या कानडीतही आहेत. एकाच खेळात दोन्ही मिसळल्या तरी चालतं, खुणांचे आकडे सारखेच आहेत. खानापूर, चिकोडी, संकेश्वरकडच्या ग्राहकांना पेटी एक दिवस जास्त ठेवता येईल, त्याचं वेगळं भाडं नाही.

चिठ्ठी हरवली तर फोन करा, मजकूर वाचून दाखवू. उत्तराचं पाकीट लाखेने बंद केलेलं असतं. पेटी घेताना लाख शाबूत आहे ना, ते आमच्यासमोरच बघून घ्या.